बुळकांडीचा बीमोड

इ. स. १८८९ च्या डिसेंबर महिन्यांत, ९ तारखेस, पुण्याच्या सायन्स कॉलेजांत हिंदुस्थान सरकारची एक प्रयोगशाळा निघाली. तिचें नांव 'इंपीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' असें भारदस्त होतें. नांवावरून ती माणसांच्या रोगांसाठीं असावी असें कोणासही वाटेल. पण ती होती गुराढोरांच्या रोगांसाठीं. मुंबईंत प्लेग यावयास त्या वेळीं अजून सात वर्षें होतीं, आणि माणसांच्या रोगजंतूंचा शोध करणारी या तोडीची सरकारी संस्था या देशांत अद्याप निघाली नव्हती. माणसांच्या आधीं बैलांची वर्णी लागावी याचें कित्येकांस हंसूं येईल. परंतु यांत सरकारची भूतदया विशेष होती असें समजण्याचें कारण नाहीं. सारा जमिनीवर बसतो आणि जमीन बैल नांगरतो. फौजेचें सामानही बैलच ओढीत. बैल मेला कीं शेतकरी बुडतो, आणि शेतकरी बुडाला कीं सारा बुडतो, हा हिशेब कलेक्टराच्या कचेरींतील कोणत्याही कारकुनाला तोंडपाठ होता.

हा बैल ज्या रोगानें सर्वांत अधिक मरे त्याचें नांव बुळकांडी. उत्तर हिंदुस्थानांत त्यास 'माता' म्हणत. युरोपियन लोक 'रिंडरपेस्ट', म्हणजे गुरांची महामारी, असें म्हणत. जनावर प्रथम सुस्त होई व रवंथ करणें सोडी. मग ताप चढे. डोळ्यांतून व नाकांतून पाणी गळूं लागे, आणि पुढें तें दाट व घाण होई. हिरड्यांवर आणि जिभेखालीं कोंडा चिकटावा तसे पांढुरके चट्टे उठत. ते गळून पडले कीं खालीं लाल व्रण उघडे होत. यानंतर रक्तमिश्रित हगवण लागे. आपल्याकडील नांव या हगवणीवरूनच पडलें आहे. अंगांतील पाणी सर्व निघून जाई, डोळे खोल जात, आणि सहा-बारा दिवसांत कारभार आटोपे. ज्या मुलखांत हा रोग पूर्वीं कधीं गेला नव्हता तेथें तो शिरला म्हणजे शंभरांतील नव्वद गुरें नेई. आपल्या मैदानी प्रदेशांत तो शतकानुशतकें नांदत असल्यामुळें येथील गुरांच्या अंगीं थोडी प्रतिकारशक्ति आलेली होती. तरीही ऐन पेरणीच्या तोंडावर साथ आली तर गांवचे निम्मे नांगर कोनाड्यांत पडत. म्हैस व पहाडी जनावर यांना ही सवलतही नव्हती.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. लहान मुलांस येणारा गोवर हा या बुळकांडीचा सख्खा भाऊ आहे. दोहोंचे विषाणु एकाच कुळांतले असून, माणूस आणि गुरें एका छपराखालीं राहूं लागल्यावर गुरांच्या त्या मूळ विषाणूपासून आपला गोवर निघाला, असें शास्त्रज्ञ मानतात. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत ही फारकत ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आसपास झाली असावी असा अंदाज केलेला आहे. म्हणजे ज्या बैलानें आपणांस धान्य पिकवून दिलें त्यानेंच मुलांचा हा दुखणाईत पाहुणाही आणून सोडला.

युरोपांत या रोगाचा धुमाकूळ अठराव्या शतकांत विशेष झाला. १७११ सालीं तो इटलींत उतरला तेव्हां पोप अकरावा क्लेमेंट याचा वैद्य लान्सिसी यानें सांगितलें कीं, औषधांच्या भानगडींत पडूं नका. रोगी व संशयित जनावर तत्काळ मारा, खोल पुरा, आणि गुरांची ने-आण बंद करा. १७१४ सालीं इंग्लंडांत पहिल्या जॉर्ज राजाचा शस्त्रवैद्य बेट्स यानें हाच उपाय योजला. मात्र त्यानें मारलेल्या दर जनावरामागें मालकास ४० शिलिंग देवविले, आणि म्हणून लोकांनीं तो पाळला. फ्रान्सांत लिऑन येथें १७६२ सालीं बूर्जला यानें जगांतील पहिली पशुवैद्यक शाळा काढली, तिच्या मागेंही याच साथीचा धाक होता. तरी हें ज्ञान किती लवकर विसरतां येतें पाहा! १८६५ सालीं बाल्टिक समुद्रावरून आलेल्या गुरांबरोबर बुळकांडी पुन्हां इंग्लंडांत शिरली. गॅमजी नांवाचा पशुवैद्य या धोक्याची सूचना आधींच देत होता. पण व्यापारी त्याच्यावर संतापले आणि डॉक्टरमंडळी औषधें शोधीत बसली. लाखों गुरें मेल्यावर १८६६ सालीं सक्तीनें मारण्याचा कायदा झाला व साथ थोड्याच काळांत हटली. तात्पर्य, युरोपानें बुळकांडी बरी केली नाहीं. बुळकांडी झालेलें जनावर नाहींसें केलें. हा उपाय निर्दय असला तरी अचूक होता यांत शंका नाहीं.

आतां हा उपाय हिंदुस्थानांत कसा चालावा? येथील गुरांच्या साथींचा तपास करण्यासाठीं सरकारनें हॅलन या पशुवैद्याच्या नेतृत्वाखालीं एक कमिशन नेमलें, आणि त्याचा अहवाल १८७१ सालीं बाहेर पडला. बुळकांडी हा देशभर पसरलेला रोग आहे, तो स्पर्शानें फैलावतो, आणि युरोपांतील रिंडरपेस्ट तो हाच, हें त्यानें निश्चित झालें. पण निदान झालें म्हणून उपाय झाला असें नाहीं. सरकारी शिपायानें कुणब्याच्या गोठ्यांत शिरून गाय मारावी, ही कल्पनाच करवत नाहीं. आणि १८५७ पाहिलेल्या राज्यकर्त्यांना ती कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तथापि सर्व भार धर्मावर टाकणेंही न्यायाचें होणार नाहीं. कोट्यवधि गुरांच्या देशांत मारलेल्या जनावराची किंमत मालकाला द्यावयाची तर तिजोरीला केवढें भोंक पडलें असतें! धर्माची अडचण खरी होतीच. पण ती सरकारच्या सोयीचीही होती.

कारण कांहींही असो, एक दार बंद झालें. मारून रोग घालवितां येत नाहीं, तर जनावर जिवंत ठेवून त्यास रोगापासून कसें वांचवावें, हा प्रश्न येथें पुढें उभा राहिला. आणि जो प्रश्न लंडन-पॅरिसला सोडवावयाची निकड नव्हती तो पुण्याच्या त्या प्रयोगशाळेच्या पदरांत पडला.

पुण्यांत ती फार दिवस राहिली नाहीं. तिचे पहिले मुख्य डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांस लौकरच उमगलें कीं, दाट वस्तीच्या शहरांत आणि उष्ण हवेंत असले जहाल जंतु बाळगणें धोक्याचें आहे. १८९३ सालीं संस्था मुक्तेश्वरास गेली. मुक्तेश्वर म्हटलें कीं मराठी वाचकास महाभारतकार कवीच आठवावयाचे. पण हें मुक्तेश्वर कुमाऊंच्या पहाडांत, सुमारें साडेसात हजार फूट उंचीवर, देवदार आणि ओक यांच्या रानांत आहे. हवा थंड, मनुष्यवस्ती विरळ, आणि भोंवतालीं पहाडी गुरें. हीं पहाडी गुरें रोगाला चटकन् बळी पडत, म्हणून प्रयोगास उपयोगी. १८९९ सालीं मुख्य इमारत आगींत जळाली. ती पुन्हां बांधावी लागली. इकडे मुंबईंत परळ येथें १८८६ सालींच पशुवैद्यक कॉलेज निघालें होतें. मुक्तेश्वरास जें सिद्ध होई तें गांवोगांव नेणारीं माणसें अशा कॉलेजांतूनच तयार व्हावयाचीं होतीं.

याच सुमारास आफ्रिकेंत असा अनर्थ घडला कीं त्यापुढें युरोपांतील साथी किरकोळ वाटाव्या. १८८७ च्या सुमारास बुळकांडी लाल समुद्राच्या किनाऱ्यावर उतरली. ती हिंदुस्थानच्या गुरांबरोबर गेली असावी असें पुष्कळांचें म्हणणें आहे. तेथून दहा वर्षांच्या आंत ती खंडाच्या दक्षिण टोंकास पोहोंचली. इथिओपियांत बैल संपले, नांगर थांबले, आणि १८८८ ते १८९२ या दुष्काळांत एकतृतीयांश प्रजा नष्ट झाली असा अंदाज आहे. १८९६ च्या अखेरीस क्षयाच्या जंतूचा शोध लावणारे जर्मन पंडित रॉबर्ट कॉख यांस दक्षिण आफ्रिकेंत पाचारण झालें. त्यांनीं किंबर्ले येथें एक विलक्षण गोष्ट दाखविली: या रोगानें मेलेल्या जनावराचें पित्त दहा घनसेंटिमीटर निरोगी जनावरास टोंचलें तर तें जनावर पुढें रोगाला जुमानीत नाहीं. तेथून १८९७ सालीं कॉख प्लेगच्या तपासासाठीं मुंबईस आले, आणि त्याच सालीं मुक्तेश्वरासही जाऊन आले. त्यांची पद्धति मात्र इकडे रुजली नाहीं. पित्त मिळवावयाचें तर आधीं जनावर मेलें पाहिजे. शिवाय टोंचलेल्यांपैकीं कांहीं गुरांस त्या टोंचण्यानेंच रोग होई. बैलाचा जीव वांचवावा म्हणून दुसऱ्याचें पित्त भरावें आणि त्यानें तो मरावा, हें कोणत्या शेतकऱ्यास पटेल?

मग रक्तरसाची, म्हणजे सीरमची पद्धति आली. रोगांतून उठलेल्या जनावरास रोगट रक्त वाढत्या प्रमाणांत टोंचीत गेलें कीं त्याच्या रक्तांत रोगाचा प्रतिकार करणारीं द्रव्यें सांचतात. तें रक्त काढून त्यांतील स्वच्छ रस निरोगी गुरांस द्यावयाचा. मुक्तेश्वरास आणि पुढें बरेलीजवळ इज्जतनगर येथें हा रस वर्षानुवर्षें तयार होत असे. गुण हमखास, पण टिकाऊ नव्हे. त्याचें संरक्षण थोड्याच दिवसांत ओसरे. म्हणून युक्ति अशी काढली कीं, साथ गांवांत शिरली म्हणजे निरोगी गुरांस रस टोंचून त्यांना रोगी गुरांबरोबरच बांधावें. रसामुळें रोग सौम्य होई आणि एकदां येऊन गेला कीं जन्माची खात्री. युक्ति शास्त्रशुद्ध खरी, पण रोगी बैलाशेजारीं आपला धडधाकट बैल स्वतःच्या हातानें बांधावयास सांगणाऱ्या सरकारी माणसाकडे लोक कोणत्या नजरेनें पाहत असतील, तें सांगावयास नको. अशा शेतकऱ्यास अडाणी म्हणून मोकळें होण्याची आपल्या सुशिक्षितांची रीत आहे. मला ती पसंत नाहीं. ज्याचें सगळें भांडवल त्या दोन शिंगांच्या मागें उभें आहे त्यानें शंभरदां विचार करावा हेंच शहाणपणाचें.

दुसरी पद्धति, एका बाजूस रस व दुसऱ्या बाजूस रोगट रक्त एकदम टोंचावयाची. तिनें संरक्षण कायमचें मिळे. पण त्या रक्ताबरोबर गोचिडांमुळें होणाऱ्या तापाचे परोपजीवी जंतुही नव्या जनावरांत जात, आणि बुळकांडी टळली तरी बैल त्या तापानें जाई. येथेंच ही कथा पुढें वळण घेते. कॉन्स्टँटिनोपल येथें निकोल आणि आदिलबे यांनीं १९०२ सालीं सिद्ध केलेंच होतें कीं, बुळकांडीचें कारण जंतु अडवून धरणाऱ्या गाळणींतूनही पार होतें, म्हणजे तो विषाणु आहे. तो सूक्ष्मदर्शकांत दिसत नाहीं, शिशांत वाढत नाहीं. वाढतो तो जिवंत शरीरांतच. तर मग तें शरीर बैलाचेंच कां असावें?

मुक्तेश्वराचे संचालक जे. टी. एडवर्ड्स यांनीं १९२० नंतरच्या दशकांत बकऱ्याची निवड केली. त्यांचा पहिला हेतु अगदीं साधा होता: गुरांच्या तापाचे ते परोपजीवी बकऱ्याच्या रक्तांत टिकत नाहींत, म्हणून बकऱ्यांतून नेलेला विषाणु त्या भेसळीपासून मोकळा राहील. विषाणु एका बकऱ्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत, असा पुढें नेत गेल्यावर निराळेंच दिसून आलें. तो बकऱ्याला सरावला, आणि बैलासंबंधाची त्याची जहाली उतरत गेली. मैदानी गुरांस तो नुसता, रक्तरसावांचून, टोंचला तरी त्यांना थोडासा ताप येई, आणि मग तीं वर्षानुवर्षें निर्धास्त. शुद्ध रक्त शोधावयास निघालेल्या माणसाच्या हातीं लस आली! शास्त्राच्या इतिहासांत असे प्रसंग पुष्कळ आहेत. पण वाटेंत पडलेली वस्तु उचलावी हें सुचण्यास नजर लागते, आणि ती एडवर्ड्स यांच्यापाशीं होती.

प्रयोगशाळेंतील गोष्ट शिवारांत खरी ठरते कीं नाहीं, याची कसोटी ज्या मुलखांत आधीं लागली त्यांत नागपूर राजधानी असलेला मध्यप्रांत एक होय. १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तेथील पशुवैद्यक खात्याचे स्टर्लिंग यांनीं गांवच्या गुरांस एकटी बकऱ्याची लस टोंचून पाहिली आणि ती उतरली. मद्रासेकडेही असेच प्रयोग झाले. पुढें बकऱ्याची प्लीहा वाळवून तिची भुकटी करूं लागले. एका प्लीहेंत शेंकडों जनावरांपुरती लस निघे. रक्तरसाच्या बाटल्यांपुढें तिचा खर्च अगदीं क्षुल्लक. गाय मारावयाची नाहीं या हट्टांतून निघालेल्या या मार्गावर बकऱ्यांचे बळी मात्र अगणित पडले, हेंही नमूद केलें पाहिजे. आपल्या भूतदयेच्या पंक्तींत बकऱ्याचें पान पूर्वींपासूनच शेवटीं मांडलेलें आहे.

मध्यंतरीं आणखी एक प्रकार घडला. १९२० सालीं हिंदुस्थानांतून ब्राझीलकडे निघालेलीं कांहीं गुरें बेल्जममधील अँटवर्प बंदरांत उतरविलीं होतीं. त्यांच्याबरोबर बुळकांडीही उतरली, आणि महायुद्धानें पिळून निघालेल्या त्या देशांत साथ पसरली. युरोपनें जुना उपाय करून ती मोडली. पण आपल्या गोठ्याचें आरोग्य दूरच्या बंदरावर अवलंबून आहे हें त्याला पटलें. त्यामुळें १९२४ च्या जानेवारींत पॅरिस येथें २८ राष्ट्रांनीं मिळून गुरांच्या साथींची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. माणसांसाठीं जागतिक आरोग्य संघटना निघाली ती १९४८ सालीं. येथेंही पहिला मान गुरांचाच.

स्वातंत्र्यानंतर भारत सरकारनें १९५४ पासून देशव्यापी मोहीम हातीं घेतली. शस्त्र तेंच, बकऱ्याची लस. पशुवैद्य आणि त्यांचे टोंचणारे साहाय्यक बर्फाच्या पेट्या घेऊन गांवोगांव हिंडले. साथी भराभर कमी झाल्या; पण रोग निपटला नाहीं. बैलांचे बाजार आणि व्यापाऱ्यांचे कळप यांच्या वाटेनें तो हिंडतच राहिला, आणि दक्षिणेंत त्याचें ठाणें शेवटपर्यंत टिकलें. म्हशी, पहाडी गुरें आणि विलायती रक्ताच्या संकरित गाई यांना ही लस सोसत नसे, हेंही वैगुण्य होतेंच.

तें दूर केलें वॉल्टर प्लोराइट या इंग्रज पशुवैद्यानें. केनियांत मुगुगा येथें फेरिस या सहकाऱ्यासह त्यानें विषाणु जिवंत जनावरांत न वाढवितां वासराच्या मूत्रपिंडांतील पेशींवर, कांचेच्या भांड्यांत, वाढविला. सुमारें नव्वद पिढ्यांनंतर तो इतका निरुपद्रवी झाला कीं कोणत्याही जातीच्या गुरास निर्धास्त टोंचावा, आणि संरक्षण मात्र आयुष्यभराचें. बकराही सुटला. ही लस १९६० नंतर जगभर गेली. आफ्रिकेंतील बावीस देशांनीं १९६२ ते १९७६ पर्यंत मोठी मोहीम चालविली. रोग दिसेनासा झाला, सर्वांनीं हात झटकले, आणि १९८० नंतर तो पुन्हां उसळला. लपून राहिलेल्या दोन-तीन कोपऱ्यांकडे कोणी पाहिलें नव्हतें.

भारतांत १९९२ पासून नवी राष्ट्रीय योजना सुरू झाली ती हा धडा घेऊनच. यापुढें किती गुरांस टोंचलें याच्या आंकड्यांवर भिस्त न ठेवतां रोग कोठें लपला आहे तो शोधावयाचा, आणि मग धीर करून टोंचणें थांबवावयाचें, असें ठरलें. कारण टोंचलेल्या आणि रोगांतून उठलेल्या जनावराचें रक्त सारखेंच बोलतें. जोंवर टोंचणें चालू आहे तोंवर रोग गेला हें सिद्धच करतां येत नाहीं. शंभर वर्षें ज्या सुईसाठीं लोकांची मनधरणी केली ती आतां खालीं ठेवा म्हणून सांगणें खात्यांतल्या लोकांनाही जड गेलें असेल. देशांतील शेवटची साथ १९९५ सालीं तामिळनाडूंत झाली. २००६ सालीं भारत या संसर्गापासून मुक्त असल्याचें पॅरिसच्या संस्थेनें जाहीर केलें. जगांतील शेवटचा रोगी २००१ सालीं केनियांत सांपडला, आणि २०११ च्या मे-जूनमध्यें बुळकांडी पृथ्वीवरून नाहींशी झाल्याची घोषणा झाली. देवीच्या रोगानंतर असा समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग, आणि जनावरांचा पहिलाच. प्लोराइट आदल्याच वर्षीं वारला होता.

विषाणु प्रयोगशाळांतील शीतपेट्यांत राहिला होता. इंग्लंडांतील पिर्ब्राइट येथील संस्थेनें आपल्या नमुन्यांची जनुकीय प्रत उतरून घेऊन २०१९ सालीं ते नष्ट केले. इतरत्र थोडे नमुने कडेकोट बंदोबस्तांत ठेवलेले आहेत.

मुक्तेश्वराची संस्था चालू आहे. तिचें मुख्य ठाणें आतां इज्जतनगर असून नांव 'भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्थान' असें आहे. बुळकांडीचाच नातेवाईक असलेला शेळ्यामेंढ्यांचा 'पीपीआर' हा रोग २०३० पर्यंत जगांतून घालवावयाचा असा संकल्प २०१५ सालीं जागतिक संस्थांनीं सोडलेला आहे. महाराष्ट्रांत २०२२ च्या पावसाळ्यांत लम्पी या त्वचारोगाची साथ आली तेव्हां जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. त्या वेळीं आपल्या खेड्यापाड्यांतून गाईबैलांना घाईघाईनें जी लस टोंचली गेली, ती मुळांत शेळ्यांच्या देवीवर तयार केलेली होती.